चिपची चावी, रिमोटचा सेल आणि चालू न होणारी गाडी

किल्लीदार

"रिमोटचा सेल गेलाय, गाडी चालू होईल का?" या प्रश्नाला या मंचावर आजवर "हो", "नाही" आणि "टो करून शोरूमला न्या" अशी सगळी उत्तरं मिळाली आहेत, आणि देणारे आपापल्या गाडीपुरते बरोबरच होते. घोळ असा की चावीच्या त्या प्लॅस्टिकमध्ये वेगवेगळी कामं करणाऱ्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात आणि आपण सगळ्यांना मिळून 'रिमोट' म्हणतो. त्या सुट्या करून पाहू.

चिप, म्हणजे ट्रान्सपाँडर. हिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती प्लॅस्टिकची एक रिंग असते, तिच्यात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. चावी घालून ऑन केली की ही रिंग १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपा असतील तर १३४.२). चिपमधल्या बारीक कॉइलला वीज त्यातूनच मिळते आणि उत्तरही त्याच वाटेने परत जातं. पल्ला फक्त काही सेंटिमीटरचा.

अगदी सुरुवातीच्या चिपा नुसता एक ठरलेला नंबर सांगायच्या. नंतर सवाल-जवाब आला. आयडी ४६, म्हणजे हिटॅग २, या चिपचं उदाहरण घ्या. चिप आपला ३२ बिटांचा क्रमांक सांगते. गाडी एक यादृच्छिक संख्या पाठवते आणि सोबत 'मीच ती गाडी' याचा पुरावा. मग चिप ४८ बिटांच्या गुप्त किल्लीने हिशेब करून उत्तर देते. ती गुप्त किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही. उत्तर जुळलं तरच इमोबिलायझर (अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, परवानगी देतो. हे सगळं तुम्ही चावी 'ऑन'वरून 'स्टार्ट'वर नेईपर्यंत उरकलेलं असतं. मारुतीवाले 'आयकॅट्स' म्हणतात ते हेच.

चिप ओळखली गेली नाही तर काही गाड्या सेल्फच घेत नाहीत. काही सेल्फ घेतात, चालू होतात आणि दीड-दोन सेकंदांत बंद पडतात. या दुसऱ्या प्रकारात लोक फ्युएल पंपावर खर्च करून मोकळे होतात. त्याआधी डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा गाडीत-चावी असा दिवा भराभर मिचकावतोय का, तेवढं बघा.

रिमोट. भारतात आणि युरोपात बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झ. याला सेल लागतो. खटक्याच्या चावीच्या, म्हणजे इग्निशनमध्ये चावी फिरवून चालू होणाऱ्या गाडीत हा फक्त दारं, डिकी आणि अलार्म बघतो, इंजिनाशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून सेल पूर्ण मेला तरी चावीच्या पात्याने दार उघडा, इग्निशनमध्ये घाला, गाडी चालू होते.

स्मार्ट की, बटन-स्टार्टवाली. इथे मामला उलटा. दाराच्या हँडलमधले, बंपरमधले आणि केबिनमधले अँटेना १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात आणि चावी ४३३ वर ओ देते. हाकेचा पल्ला मीटर-दीड मीटर. चावी कुठल्याही बाजूने पडलेली असली तरी ऐकू यावं म्हणून तिच्यात तीन दिशांच्या तीन कॉइल असतात. ऐकायला आणि ओ द्यायला सेल लागतोच. पण तो मेल्यावर यातली एक कॉइल साध्या चिपसारखी वागू शकते, त्यासाठी चावी अगदी चिकटवून धरावी लागते. ते कुठे चिकटवायचं हे पुढे कोणी विचारेलच.

ओहमकर

किल्लीदार, मस्त. सेलचं मी घेतो.

नावातच माप आहे. सीआर२०३२ : सी म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड, आर म्हणजे गोल, २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. त्याच हिशेबाने सीआर२०२५ अडीच मिमी जाड, सीआर२०१६ सोळा दशांश, सीआर१६२० सोळा मिमी व्यासाचा आणि दोन मिमी जाड. सगळे ३ व्होल्टचे. क्षमता अंदाजे अशी : २०३२ म्हणजे २२० मिलिअँपिअर-तास, २०२५ म्हणजे १६०, २०१६ म्हणजे ९०, १६२० म्हणजे ७५ च्या आसपास. बारीक चावीचा सेल लवकर संपतो यात सेलवाल्याची फसवणूक नसते, पोटच लहान असतं.

आता खर्चाचा हिशेब. एकदा बटण दाबलं की साधारण १० मिलिअँपिअर अर्धा सेकंद. दिवसातून वीस वेळा दाबा, वर्षाला जेमतेम १० मिलिअँपिअर-तास होतात. तेव्हा "उगाच बटण दाबू नको, सेल संपेल" हे घरोघरीचं वाक्य चुकीचं आहे. स्मार्ट कीचा सेल संपतो तो ऐकत राहण्याने. शांत असताना ती सुमारे ५ मायक्रोअँपिअर घेते असं धरलं तर २०३२ कागदावर पाच वर्षं पुरतो. हीच चावी गाडीच्या हाकेच्या टप्प्यात किंवा गोंगाटाच्या जागी ठेवली, ती सारखी जागी होत राहिली आणि सरासरी १०० मायक्रोवर गेली, की तोच सेल तीन महिन्यांत खल्लास. गोंगाट म्हणजे वायरलेस चार्जर, इंडक्शनची शेगडी, स्वस्त एलईडी ड्रायव्हर, लॅपटॉपचा अडॅप्टर. बंगल्याच्या भिंतीला लागून गाडी आणि त्याच भिंतीच्या आतल्या खुंटीवर चावी, ही मांडणी सेलच्या जिवावर उठते.

मोजायचं कसं? मल्टिमीटर नुसता टेकवून ३.० व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. या रसायनाचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. आधी वाढतो तो आतला रोध. म्हणून सेलवर ४७० ओहमचा रेझिस्टर समांतर धरा (साधारण साडेसहा मिलिअँपिअर ओढले जातात) आणि दोन सेकंदांनी वाचा. नवा सेल ३.१ च्या आसपास टिकतो. २.७ च्या खाली घसरला तर बदला, रेझिस्टर न लावता कितीही दाखवत असला तरी. रेझिस्टर फार वेळ धरून ठेवू नका.

दूरदेशी

याला थंडीची पुस्ती जोडतो. इथे न्यू जर्सीत उणे दहाला सेलचा आतला रोध आणखी वाढतो. 'सकाळी चालत नाही, दुपारी चालतं' असं झालं की सेल मरायला टेकलाय समजा, रिमोट बिघडलेला नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत इतकं जाणवणार नाही, लेह-लडाखला गाडी नेणाऱ्यांनी मात्र जाताना नवा सेल टाकून जावं आणि एक खिशात ठेवावा. खिशातच. डॅशबोर्डवर नाही.

मालवणी_तडका

नवा सेल टाकला तरी रिमोट दोन हातांवरूनच चालतो. सेल चांगल्या कंपनीचा, पाकीट समोर फोडलेलं. पावसाळ्यातच हे जास्त का होतं?

पानाबारा

तडका, नव्या सेलनंतरही पल्ला कमी असेल तर या क्रमाने बघा.

पहिलं, सेलवरचा कडू लेप. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलच्या पत्र्यावर कडू चवीचा थर देतात. चांगली गोष्ट आहे, पण काही चाव्यांची पत्ती नेमकी त्या थरावर टेकते आणि संपर्क अर्धवट होतो. ॲपलने एअरटॅगसाठी अशा सेलबद्दल सूचनाच दिलेली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्काची जागा घासून पुसा, नाहीतर बिनलेपाचा सेल घ्या.

दुसरं, बोटांचा घाम. सेल चिमटीत धरताना कडेने धरायचा, दोन्ही तोंडांना बोट लावायचं नाही. आणि धातूच्या चिमट्याने तर मुळीच नाही. कड आणि वरचं तोंड एकदम चिमट्यात आलं की शॉर्ट.

तिसरं, पत्ती. सेल धरणाऱ्या स्प्रिंगच्या पत्त्या वर्षानुवर्षं दबून सपाट होतात. टूथपिकने अर्धा मिमी वर उचला. बोटाने दाबल्यावर चालतं आणि सोडल्यावर नाही, असं असेल तर पत्ती किंवा तिच्या बुडाचा सोल्डर तडकलाय. भिंगातून बघितलं तर पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते. पुन्हा डाग द्या, पण बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने आणि सेल काढून.

चौथं, तुमच्याकडचा खरा गुन्हेगार : कोकणातली दमट हवा. केसिंगच्या सांध्यातल्या रबरी गास्केटची लवचिकता गेली की आत वाफ जाते आणि पत्तीपासून बोर्डापर्यंत हिरवट-पांढरा थर चढतो. जुन्या टूथब्रशला आयसोप्रोपिल लावून घासा, पंख्याखाली वाळू द्या. पेट्रोल, थिनर वापरू नका, केसिंग विरघळतं. बटणांचं रबर फाटलं असेल तर नुसतं साफ करून उपयोग नाही, रबर किंवा पूर्ण केसिंग बदला.

मालवणी_तडका

चिमट्यानेच बसवला होता. पुसून बघतो.

उंबरठा

उघडायची पद्धत पण लिहा ना कोणीतरी. व्हिडिओत सगळे नखाने उघडतात, माझं नख तुटेल पण चावी उघडत नाहीये.

पानाबारा

स्मार्ट की असेल तर आधी आतलं लोखंडी पातं काढा. बाजूला किंवा मागे छोटी कळ असते, ती सरकवून ओढायचं. पातं निघालं की त्या पोकळीतच एक चीर दिसते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या म्हणजे प्लॅस्टिकला व्रण पडणार नाही, टोक चिरेत घाला आणि *फिरवा*. उचकटायचं नाही. टक असा आवाज येतो. मग कडेने नख किंवा जुनं एटीएम कार्ड फिरवत न्या. स्क्रू असेल तर तो बहुतेक वेळा लोगोखाली किंवा पात्याच्या पोकळीत लपलेला असतो, जोर लावण्याआधी शोधा.

उघडल्यावर सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो काढा. अधिकची बाजू वर की खाली, हे प्रत्येक चावीत वेगळं. बऱ्याच चाव्यांत अधिकची बाजू खाली जाते, आणि सवयीने वर ठेवणाऱ्यांचा रिमोट 'नवा सेल टाकूनही मेलेला' असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे खरं नुकसान होतं. केसिंग बदलताना चिप जुन्या केसिंगमध्ये राहून जाते. साध्या चावीचं फ्लिप-कीमध्ये (बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती) रूपांतर करून घेणं सध्या जोरात आहे. बऱ्याच चाव्यांत चिप रिमोटच्या हिरव्या बोर्डावर नसतेच. ती वेगळी असते : तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी, किंवा नखाएवढा काळा, चपटा, एका बाजूला निमुळता तुकडा. पात्याच्या बुडाशी एका खाचेत सिलिकॉनने चिकटवलेला. दिसायला प्लॅस्टिकचा भराव वाटतो. दुकानदार बोर्ड आणि सेल नव्या केसिंगमध्ये टाकतो, दारं मस्त उघडतात, सगळे खूश, आणि गाडी काही चालू होत नाही. तोवर जुनं केसिंग कचऱ्यात गेलेलं असतं.

म्हणून जुनं केसिंग गाडी चालू होईपर्यंत हातातून सोडायचं नाही. काचेची चिप काढताना चिमट्याने दाबू नका, सिलिकॉन ब्लेडने भोवतीने कापून हलकेच ढकला. पडली तर काच तडकते आणि आतली केसाइतकी तार तुटते, त्याला दुरुस्ती नाही. नव्या केसिंगमध्ये बसवताना ती शक्यतो जुन्याच जागी आणि त्याच दिशेने ठेवा. आडवी बसली तर रिंगचं क्षेत्र नीट पोचत नाही आणि 'कधी चालू होते, कधी नाही' असा नवा आजार सुरू.

काही चाव्यांत मात्र चिप आणि रिमोट एकाच आयसीत असतात, तिथे वेगळा तुकडा सापडत नाही. तो शोधत बोर्ड खरवडू नका.

उंबरठा

बापरे, हे लिहिलं ते बरं झालं. आता स्मार्ट कीचा सेल रस्त्यात गेला तर? दाराला तर भोकच दिसत नाही.

किल्लीदार

भोक असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलच्या मागच्या टोकाला, काही गाड्यांत उघडं, काहींत टोपीखाली झाकलेलं. टोपीच्या खालच्या कडेला छोटी खाच असते, हँडल ओढून धरायचं आणि पात्याचं टोक त्या खाचेत घालून टोपी वर उचलायची. उघडल्यावर अलार्म कोकलेल, कारण रिमोटने लॉक केलेली गाडी पात्याने उघडलीत. घाबरू नका, गाडी चालू झाली की तो थांबतो.

चालू करायला ब्रेक दाबून (मॅन्युअल असेल तर क्लच) असं करा :

ह्युंदाई, किया : बोटाऐवजी चावीनेच स्टार्ट बटण दाबायचं.
मारुती-सुझुकी : बटण एकदा दाबा, चिन्ह लुकलुकू लागलं की रिमोटचं लॉक बटणाकडचं टोक स्टार्ट बटणाला दोनेक सेकंद टेकवून धरा, मग पुन्हा दाबा.
टोयोटा : चावीची लोगोची बाजू बटणाला लावा, बीप झाली की बटण दाबा.
होंडा : बटण लुकलुकत असताना चावीवरचा एच लोगो बटणाला टेकवा आणि मग दाबा.
स्कोडा-फोक्सवॅगन : मॉडेलप्रमाणे स्टार्ट बटणापाशी किंवा स्टिअरिंग कॉलमच्या बाजूला.

काही गाड्यांत कप-होल्डरच्या तळाशी किंवा कन्सोलच्या डब्यात चावीची खास जागा असते, रबरी मॅट उचलली की चावीचं चित्र दिसतं. बाकीच्यांनी मॅन्युअल उघडावं. 'रिमोट बॅटरी डिस्चार्ज' हे पान आजच फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, कारण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं आणि ग्लोव्ह बॉक्स लॉक झालेल्या गाडीत.

सिलिकॉनचं कव्हर असेल तर टेकवताना काढा. दोन-तीन मिमीचाही फरक पडतो.

सहजच

मी ऐकलंय की सेल काढून दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवला की चावीचं कोडिंग उडतं आणि शोरूमला जावं लागतं. म्हणून सेल पटकन बदलावा.

ओहमकर

सहजच, हे बहुतेक चाव्यांना लागू नाही. गुप्त किल्ली आणि मोजणी ईईप्रॉममध्ये लिहिलेली असते, ती विजेशिवाय वर्षानुवर्षं राहते. तास, दिवस, सेल बाहेर ठेवा.

गैरसमज कुठून आला असेल ते सांगतो. रिमोट दर वेळी वेगळा कोड पाठवतो, नाहीतर कोणीही तो रेकॉर्ड करून पुन्हा वाजवला असता. प्रत्येक दाबण्यागणिक मोजणी एकने पुढे सरकते आणि गाडी आपल्याकडच्या मोजणीशी ताडते. मायक्रोचिप कंपनीच्या कीलॉक पद्धतीचा एचसीएस३०१ घ्या, बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये आणि गेटच्या रिमोटमध्ये हा ढिगाने सापडतो. यात गाडीच्या नजरेआड १६ पर्यंत दाबण्या झाल्या असतील तर पुढची दाबणी सरळ मान्य. त्याहून जास्त पण ३२ हजारांच्या आत असतील तर पहिली दाबणी गाडी मनात ठेवते आणि लगेच पुढची सलग आली तरच उघडते. म्हणजे पोराने रिमोटशी तासभर खेळून तो मागे-पुढे केला की 'पहिल्यांदा चालत नाही, दुसऱ्यांदा चालतं'. योगायोगाने त्याच दिवशी कोणी सेल बदलला की खापर सेलवर.

काही जुन्या गाड्यांत सेल बदलल्यावर रिमोटची जुळणी पुन्हा करावी लागते हे खरं. बहुतेक वेळा चावी इग्निशनमध्ये ऑन करून रिमोटचं बटण धरणं, असं काहीतरी मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण चिपचं कोडिंग त्यात जात नाही. चिपला सेल माहीतच नाही.

दूरदेशी

ऑनलाइन चावी मागवणाऱ्यांनी वारंवारता बघावी. अमेरिका आणि जपानमध्ये बऱ्याच चाव्या ३१५ मेगाहर्ट्झच्या असतात. केसिंग हुबेहूब, बटणं तीच, पण ४३३.९२ ऐकणाऱ्या भारतातल्या गाडीला ती कधीच ऐकू येणार नाही. भाच्यासाठी इथून चावी घेऊन जाणारे मामा दर वर्षी फसतात. बोर्डाच्या मागे किंवा एफसीसीच्या (अमेरिकेची रेडिओ-दूरसंचार नियामक संस्था) नोंदणी क्रमांकावरून वारंवारता कळते.

आणि चिपचं महत्त्व पटत नसेल त्यांच्यासाठी : अमेरिकेत २०११ ते २०२१ दरम्यानच्या खटक्याच्या चावीवाल्या बऱ्याच ह्युंदाई-किया गाड्यांत इमोबिलायझर नव्हताच. २०२१-२२ मध्ये चोरीचे व्हिडिओ पसरले, पोरं कुलपाचं कव्हर तोडून यूएसबीच्या टोकाने गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अपडेट जाहीर करावं लागलं. युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर १९९८ पासूनच बंधनकारक आहे, तिथे हा प्रकार घडला नाही.

निवांत_पाटील

नवी चावी बनवायची तर शोरूम की बाहेरचा चावीवाला? चावीवाला "क्लोन करून देतो, स्वस्तात" म्हणतोय.

किल्लीदार

पाटील, त्याला एकच विचारा : क्लोन की ॲड?

*क्लोन* म्हणजे जुन्या चिपमधला मजकूर जसाच्या तसा लिहिता येणाऱ्या चिपवर उतरवणं. गाडीला दोन चाव्या आहेत हे कळतही नाही, दोन्ही एकच वाटतात. जास्तीची चावी म्हणून चालतं. पण उद्या एक हरवली आणि तिची नोंद पुसायची म्हटली तर दुसरीही सोबत जाते.

*ॲड* म्हणजे कोऱ्या चिपला स्कॅनर लावून गाडीच्या यादीत नवी चावी म्हणून नोंदवणं. यासाठी गाडीचा पिन किंवा सुरक्षा कोड लागतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या पद्धतीत त्या वेळी *असलेल्या सगळ्या चाव्या* समोर लागतात. नोंदणी सुरू झाली की जुनी यादी पुसली जाते आणि समोर आणलेल्याच चाव्या पुन्हा लिहिल्या जातात. एक चावी घरी विसरलात तर ती त्या दिवसापासून फक्त दार उघडणारं लोखंड.

एकही चावी उरली नाही, याला धंद्यात 'ऑल की लॉस्ट' म्हणतात, तर काम महाग आणि वेळखाऊ होतं, काही गाड्यांत इमोबिलायझरचा बॉक्स किंवा ईसीयू काढून वाचावा लागतो. एक चावी हरवल्याबरोबर दुसरी बनवून घ्यावी ती यासाठी. दुसरी हरवायची वाट बघू नये.

जुन्या बाजारातून सुटी स्मार्ट की घेताना जपून. टोयोटा, ह्युंदाई आणि इतरांच्या बऱ्याच चाव्या पहिल्या गाडीशी जोडल्या की आतून कुलूपबंद होतात. दुसऱ्या गाडीला जोडायच्या तर आधी त्या खास यंत्राने 'अनलॉक' कराव्या लागतात, आणि प्रत्येक आयसीला ते शक्य नसतं.

सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही चाव्या मागाच. चोरी झाली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच मिळत असेल तर किमतीतून पैसे कापा, आणि ताबा घेतल्यावर जुनी यादी पुसून आपल्याच चाव्या नोंदवून घ्या. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरकडे काय राहिलंय ते कोणाला ठाऊक? नव्या गाडीसोबत की नंबरचा छोटा टॅग आलेला असतो, तो चावीच्याच रिंगला लटकवून फिरू नका, घरी कागदपत्रांत ठेवा.

सहजच

ओके, सेलबद्दल समजलं. पण चावी चांगली, सेल नवा, दुसऱ्या चावीनेही नाही. मग?

पानाबारा

दोन्ही चाव्या चालत नाहीत म्हणजे दोष गाडीकडे किंवा जागेकडे.

जागा : वायरलेस डोअरबेल, गेटचे रिमोट, टायर-प्रेशरचे सेन्सर, सगळे त्याच ४३३ च्या पट्ट्यात. कुठलंतरी यंत्र बिघडून सतत प्रसारण करत असेल तर त्या आवारात सगळ्यांचेच रिमोट बंद पडतात. गाडी शंभर मीटर पुढे नेऊन बघा. मुद्दाम जॅमर लावून लॉक होऊ न देण्याचा प्रकारही याच तत्त्वावर चालतो, म्हणून पार्किंगमध्ये बटण दाबून पाठ फिरवायची नाही, इंडिकेटर मिचकावलेले बघायचे आणि हँडल ओढून बघायचं.

गाडी : १२ व्होल्टची बॅटरी अशक्त असेल तर स्मार्ट की गाड्या 'की नॉट डिटेक्टेड' दाखवतात आणि लोक चावीचे सेल बदलत बसतात. बंद गाडीत १२.४ पेक्षा कमी असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. खटक्याच्या चावीत कुलपाभोवतीच्या रिंगचा सॉकेट सैल होणं हे नेहमीचं, विशेषतः स्टिअरिंग खालचं कव्हर कोणी ॲक्सेसरीसाठी उघडलं असेल तर. आणि एकाच की-रिंगमध्ये दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असतील तर वेगळ्या करा, दोन चिपा एकदम बोलल्या की गाडीला एकही समजत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोट बघायची युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे, इन्फ्रारेडची. रेडिओच्या चावीत काही दिसणार नाही. खात्री हवीच असेल तर आरटीएल-एसडीआर डाँगल (रेडिओ लहरी संगणकावर दाखवणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) लॅपटॉपला लावा, ४३३.९२ वर बटणासरशी उंचवटा दिसतो.

निवांत_पाटील

फॉइलमध्ये चावी गुंडाळून ठेवावी म्हणतात ते खरंच लागतं का? की उगाच?

ओहमकर

स्मार्ट की असेल तर उगाच नाही. २०११ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या दाखवल्या होत्या : एक अँटेना गाडीपाशी, दुसरा चावीपाशी, मधे नुसता सिग्नल पुढे ढकलायचा. कोड फोडायची गरजच नाही, गाडीला वाटतं चावी जवळ आहे. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँडने सिग्नल यायला लागलेला वेळ मोजून खरं अंतर काढतात, तिथे हे जमत नाही.

फॉइलऐवजी सिग्नल अडवणारी तयार पिशवी घेतलीत तर तपासा : चावी आत, पिशवी हातात, गाडीला चिकटून हँडल ओढा. उघडली तर पिशवी फेकून द्या. शिवणीच्या घड्या वर्षभरात झिजतात, मधूनमधून पुन्हा तपासा. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट कींना तर पिशवीही नको : लॉक दाबून धरा आणि अनलॉक दोनदा दाबा, दिवा चार वेळा लुकलुकला की चावीचं ऐकणं बंद. कोणतंही बटण दाबलं की पुन्हा सुरू. सेलही वाचतो. खटक्याच्या चावीला यातलं काही लागत नाही.

दूरदेशी

काढलेल्या सेलबद्दल कोणी लिहिलं नाही. मेलेल्या सेलमध्येही अन्ननलिका दोन तासांत भाजून निघेल इतकी वीज असते. काढल्याबरोबर दोन्ही तोंडांवर टेप चिकटवा आणि ई-कचऱ्यात द्या, टेबलावर ठेवू नका. मुलाने गिळल्याची नुसती शंका असली तरी थेट हॉस्पिटल, एक्स-रे. उलटी करवू नका. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल तर *वाटेत* दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबायचं नाही.

उंबरठा

शेवटची शंका. दुकानात २०२५ नव्हता, २०३२ दिला, "एकच आहे" म्हणाला. दाबून बसतोय. आणि चार्जिंगचा सेल टाकला तर कटकटच मिटेल ना?

ओहमकर

०.७ मिमीचा फरक आहे. दाबून बसवलात तर पत्ती कायमची वाकते आणि पुढे योग्य २०२५ टाकला की तो टेकत नाही. परत करा. उलट प्रकारही करू नका, म्हणजे २०३२ च्या जागी २०२५ टाकून खाली चांदीचा कागद भरणं. सेलचं बूड आणि पूर्ण कड ही अधिक बाजू आहे, वरची टोपी उणे, आणि दोघांमध्ये फक्त एक बारीक प्लॅस्टिकची कडा. कागद जरा सरकला की शॉर्ट.

चार्जिंगचा एलआयआर२०३२ पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. कित्येक रिमोटमधल्या आयसींची मर्यादा ३.६ आहे. शिवाय क्षमता ४० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे साध्याच्या पाचवा हिस्सा. जुन्या काही बीएमडब्ल्यू चाव्यांत व्हीएल२०२० हा चार्ज होणारा सेल कंपनीच टाकते आणि तो इग्निशनच्या रिंगवरून भरतो. तिथे उलट, साधा सीआर टाकायचा नाही. तुमच्या चावीच्या झाकणाच्या आत सेलचा नंबर कोरलेला असेल, तोच मागा.